अक्कांचा नेम

माझ्या दवाखान्यातल्या खुर्च्यांवरून कोल्हापुरात माझी भरपूर चेष्टा झाली आहे. आजूबाजूच्या डॉक्टरांकडे सोफे आले, गुबगुबीत गाद्या आल्या, एकाकडे तर मासे सोडलेली काचेची पेटी आली. माझ्याकडे शेवटपर्यंत प्लास्टिकच्या खुर्च्या, लग्नाच्या मांडवात असतात तसल्या. माझा धाकटा भाऊ दवाखान्यात आला की खुर्चीवर ऐटीत बसायचा आणि विचारायचा, "अक्षता कधी?" बाकीचे माझ्या मागे म्हणायचे, बाई चिकट आहे. मी कुणालाच खुलासा केला नाही.

आता ऑपरेशन करणं थांबवलं आहे. हात अजून स्थिर आहेत, पण मान आणि कंबर यांनी आधीच राजीनामा दिला. तेव्हा सांगायला हरकत नाही. त्या खुर्च्या धुता येत होत्या, एवढंच कारण. माझ्याकडे येणाऱ्या काही बायका खुर्चीवर बसायला घाबरायच्या. 'बसा' म्हटलं की "ऱ्हाऊ दे, मी हितंच बरा हाय," म्हणून दाराशी उभ्या. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. पुण्याचे लोक हसतात, हसू देत. मग मी म्हणायची, "बसा की. धुता येती खुर्ची." निम्म्या बायकांचं तोंड तेवढ्यावर उघडायचं, कारण या बाईला आपलं दुखणं कळलंय हे त्यांना समजायचं.

आणि बसलेली बाई उठली की तिची मान आधी मागे वळायची. खुर्चीवर एक नजर, मगच पुढचं पाऊल. ती नजर ओळखायला मला बरीच वर्षं लागली. एकदा ओळखल्यावर मात्र एसटीत, लग्नात, बँकेच्या रांगेतसुद्धा दिसायला लागली.

तो आजार साध्या भाषेत सांगते. सणाच्या अंकात हे कशाला, असं कुणाला वाटलं तर त्यांनी पान उलटावं. लोक असं पान उलटत आले म्हणूनच या बायका वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या. बाईच्या शरीरात योनिमार्ग आणि गुदाशय, म्हणजे मळ साठण्याची जागा, शेजारी शेजारी असतात. मध्ये एक पातळ भिंत. अडलेल्या बाळंतपणात, कधी गर्भाशयाची पिशवी काढण्याच्या ऑपरेशननंतर, कधी गळू होऊन, कधी कॅन्सरच्या शेकाने, म्हणजे रेडिएशनने, त्या भिंतीला भोक पडतं. डॉक्टर त्याला फिस्टुला म्हणतात, मी आडवाट म्हणते. वारा आणि मळ जायचा मागच्या वाटेने, तो पुढून यायला लागतो आणि त्यावर बाईचा काहीच ताबा राहत नाही. दुखत फारसं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. दुखणाऱ्या बाईला घरातले निदान दवाखान्यात तरी नेतात. वास येणाऱ्या बाईला कुणी कुठे नेत नाही, आणि ती स्वतःही बोलत नाही.

भोक खाली असेल तर खालूनच शिवता येतं. वर, खोलवर असेल तर पूर्वी पोट उघडावं लागायचं, आणि एवढी मोठी चीर घेऊनही आत हात नीट पोचायचा नाही. मी चाळिशी उलटल्यावर दुर्बिणीतून ऑपरेशन करायला शिकले. माझ्या वयाचे लोक तेव्हा बंगले बांधत होते आणि मी लांब दांड्यांच्या अवजारांनी कागदाच्या खोक्यात टाके घालायचा सराव करत होते. पोटावर बोट जाईल एवढी चार छिद्रं. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून अवजारं, आणि नजर टीव्हीच्या पडद्यावर. एकमेकींना चिकटलेल्या दोन भिंती हळूहळू सोडवायच्या, दोन्हींची भोकं वेगवेगळी शिवायची, आणि दोन शिवणींच्या मध्ये पोटातलाच ओमेंटम आणून ठेवायचा. ओमेंटम म्हणजे आतड्यांवरून पदरासारखा लोंबणारा चरबीचा पडदा. त्यात रक्त चांगलं खेळतं, म्हणून तो जिथे खोचाल तिथे जखम भरायला मदत करतो. सांगायला सोपं आहे. करताना कधीकधी चार तास पाणी प्यायलाही आठवायचं नाही.

हे सगळं सर्वांत लवकर कुणाला समजलं असेल तर गडमुडशिंगीच्या एका पंक्चरवाल्याला. त्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं. मी कागदावर चित्र काढत होते, तर तो म्हणाला, "मॅडम, गळतंय कुठनं ते कसं बघतासा?" म्हटलं, पाणी भरते, मागून हवा सोडते आणि बुडबुडे येतात का बघते. त्याने मांडीवर थाप मारली. "म्हंजे आमच्या घमेल्यातलंच काम की." ऑपरेशन छान झालं. पण पुढे "सोलुशन वाळल्याबिगर हवा भरायची न्हाई" असं म्हणत त्याने बायकोला इतके दिवस पेजेवर ठेवलं की तिनेच माझ्याकडे तक्रार आणली. "मी काय टायर हाय व्हय मॅडम? भाकरी द्याला सांगा ह्यास्नी."

सगळंच असं हसण्यावारी गेलं नाही. हे टाके पहिल्या खेपेला धरतीलच असं नसतं. राधानगरीकडची एक तरुण बाई होती. तिची भिंत फार खराब झालेली होती. तिला काही महिन्यांसाठी आतडं पोटावर काढून तिथे पिशवी लावावी लागणार होती, म्हणजे खालची शिवण कोरडी राहून भरून आली असती. ती म्हणाली, "घरात इचारून येतो." परत आली नाही. फोन केला तर एका माणसाने राँग नंबर म्हणून ठेवून दिला. आवाज तिला दवाखान्यात घेऊन आलेल्या दिराचा होता, मला ओळखू आला. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की ती मला हमखास आठवते, आणि त्या दिवशी माझं कशात लक्ष लागत नाही.

पण सांगायची आहे ती अक्कांची गोष्ट.

अक्का जयसिंगपूरजवळच्या एका खेड्यातल्या. लिंगायत घर, यजमानांचं जयसिंगपुरात भुसार मालाचं दुकान, घरामागे थोडा ऊस. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं आणि यजमानांना आप्पा. त्यांना माझ्याकडे पाठवलं ते तिकडच्या एका डॉक्टरने. फोनवर म्हणाला, "रक्त फार कमी आहे. उपास करतात, ऐकत नाहीत. पोटात कुठं रक्त जात नाही ना, तेवढं बघा."

दोघं आत आले. आप्पा धिप्पाड, पांढरं धोतर, खुर्चीवर बसल्याबरोबर ती करकरली. अक्का दाराला पाठ लावून उभ्या. नऊवारीत अंग कुठे आहे ते शोधावं लागेल इतक्या वाळलेल्या.

"हिचा नेम हाय मॅडम," आप्पा म्हणाले. सांगताना छाती फुगली होती. "दिवसातनं एकदा जेवती. लिंगपूजा करून, आपल्या हातानं शिजवून, एकटी. पंगतीत बसत न्हाई, पावण्याच्यात जेवत न्हाई, कुठं वस्तीला ऱ्हात न्हाई. देवळात बी आत जात न्हाई, पायरीवरनंच हात जोडती. माझ्यासाठी धरलाय. मी ट्रॅक्टरवरनं पडलतो, वाचत नव्हतो. अव्वानं, माझ्या आईनं, हिला नेम दिला आन मी उठून बसलो. आज मी हाय तो हिच्या उपासावर. गावातल्या बायका पाया पडत्यात हिच्या."

मी अक्कांकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

"बसा की अक्का," मी म्हटलं. "धुता येती खुर्ची."

आप्पा हसले. "खुर्ची कशाला धुतासा?" अक्का हसल्या नाहीत. त्यांनी मान वर करून माझ्याकडे जे बघितलं, त्यानंतर मी आप्पांना चहा प्यायला बाहेर पाठवलं.

दार लागल्यावर त्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या आणि बोलल्या. पस्तिशीत त्यांची पिशवी काढली होती. घरी आल्यावर काही दिवसांतच हे सुरू झालं. कुणाच्या हातून काय चुकलं ते मी शोधत बसले नाही, त्यांनीही विचारलं नाही. सांगितलं फक्त सासूला. नेमके त्याच आठवड्यात आप्पा ट्रॅक्टरवरून पडलेले, घर पाहुण्यांनी भरलेलं. सून पंगतीतून अर्ध्यावर उठते, बायकांच्या घोळक्यात थांबत नाही, हे चार जणींच्या डोळ्यांवर आलं होतं. तेव्हा म्हातारीने सगळ्यांसमोर जाहीर केलं, माझ्या लेकासाठी सुनंनं नेम धरलाय, तिला कुणी जेवायला बसा म्हणू नका.

"आन रात्री मला म्हटल्या," अक्का सांगत होत्या, "पंगत सोड, देऊळ सोड. गळ्यातलं सोडू नको. त्याला इटाळ न्हाई."

गळ्यातलं म्हणजे इष्टलिंग. लिंगायतांत बाई असो की पुरुष, ते चांदीच्या डबीत घालून कायम अंगावर वागवतात आणि रोज तळहातावर घेऊन पुजतात. लिंगाला सोयर-सुतक नाही, बाईच्या अडचणीचाही विटाळ नाही, असं त्यांचा धर्म सांगतो. ज्या बाईला स्वतःच्या अंगाची किळस आली होती, तिला त्या म्हातारीने देवापाशी एवढी एक जागा राखून दिली. माझ्या पंधरा वर्षांच्या शिक्षणात मला कुणी असं काही शिकवलं नव्हतं.

"आन खरं सांगू का," अक्का म्हणाल्या, "कमी खाल्लं की कमी जातंय. पोट रिकामं आसलं की माणसांत जायाला येतंय. मग नेम पाळलो तसाच."

तपासलं. भोक लहान होतं, पण वर, खोलवर. दुर्बिणीने होण्यासारखं काम. मी आनंदाने सांगायला गेले आणि तिथेच अडकले. उपाशी अंगावर टाके धरत नाहीत. शिवण भरून यायची तर अंगात रक्त पाहिजे, मांस पाहिजे. म्हणजे ऑपरेशनच्या आधी दीड-दोन महिने तरी तीन वेळा पोटभर जेवायचं, दूध, डाळ, शेंगदाणे, सगळं. नेम मोडायचा तो बरं झाल्यावर नव्हे, आधी.

"खाल्लं की जातंय," अक्का म्हणाल्या.

"जाऊ दे की. पॅड वापरा, थोडे दिवस घरात ऱ्हावा."

"आन ह्यास्नी काय सांगू? माझ्या नेमावर जगल्यात त्ये. आता म्हणू, नेम न्हवताच, घाण हुती?"

"मी सांगते आप्पांना."

"न्हाई." एवढ्या अशक्त बाईचा आवाज असा निघेल असं वाटलं नव्हतं. "त्यापरीस हाय ते बरं हाय." आणि त्या उठल्या. मान वळवून खुर्चीकडे बघितलं, पदर सारखा केला आणि दाराकडे निघाल्या.

रोग्याचं गुपित रोग्याचं असतं, ते मला नवऱ्यालासुद्धा सांगता येत नाही आणि येऊ नयेच. पण ही बाई अशीच गेली तर दोनेक वर्षांत रक्त कमी होऊन हृदयावर येणार, हे मला दिसत होतं. सुचलं ते बोलले. "नेम दिला कुणी? अव्वांनी ना? मग सोडवायचा बी त्यांनीच. त्यास्नी घेऊन या."

अक्का दारात थांबल्या. वळल्या नाहीत, पण थांबल्या.

पुढच्या आठवड्यात अव्वा आल्या. नव्वदीला टेकलेल्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, ऐकू कमी म्हणून बोलणं मोठ्याने. एका बाजूने आप्पा, दुसऱ्या बाजूने गाडीवाला धरून, मागे अक्का. माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, खुर्चीच्या हातावर थाप मारून बघितली आणि म्हणाल्या, "मजबूत हाय की." त्या खुर्चीची आयुष्यात झालेली ही एवढीच स्तुती.

मग सरळ मुद्द्यावर. "पोरी, भरून येतंय का न्हाई, तेवढं सांग."

"बहुतेक येतंय अव्वा. खात्री देत न्हाई. आन आधी खायाला पायजे."

म्हातारीने कापडी पिशवीतून फडक्यात बांधलेली कडक भाकरी काढली, शेंगांच्या चटणीची पुडी सोडली. भाकरी मोडल्याचा आवाज खोलीभर झाला. तुकडा सुनेपुढे धरला. "खा. सुटला नेम."

अक्कांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांचं तोंड उतरलं होतं. "अव्वा, काय करतीयास? माझं काय मग?"

"तुझं काय?" अव्वा म्हणाल्या. "तू ट्रॅक्टरवरनं पडलास, हाड मोडलं, डॉक्टरनं जोडलं. नेम तुझ्यासाठी न्हवताच. तुझ्यासाठी कोण उपाशी ऱ्हातंय एवढी वर्सं?" मग आवाज खाली आला, म्हणजे त्यांच्या मानाने. "हिचं अंग आतनं फाटलंय. दोन्ही वाटा एक झाल्यात. लोकांच्यात हिची शोभा हुईल म्हणून मी नेम काढलो. वाटलं, चार म्हैन्यात भरून येईल. न्हाई आलं. मग मला बी सोडवता येईना. झाकायला गेलो आन डांबून ठिवलो पोरीला."

गुपित माझ्या तोंडून फुटलं नाही हे खरं. पण ते फुटताना मी समोर बसले होते आणि थांबवलं नाही. नियमांच्या पुस्तकात हे कुठे बसतं मला माहीत नाही. मी अक्कांकडे बघत होते. त्या नको म्हणाल्या असत्या तर मी म्हातारीला गप्प केलं असतं. त्या नको म्हणाल्या नाहीत. त्यांनी तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिल्या.

आप्पा उठले आणि बाहेर गेले.

अव्वा दुसरा तुकडा मोडत होत्या. मला मनातून भीती वाटत होती, कारण याआधी मी असे बाहेर गेलेले नवरे पाहिले होते. काही गाडीत जाऊन बसतात, काही एसटीने एकटेच घरी जातात. बऱ्याच वेळाने दार उघडलं. आप्पांचे डोळे लाल होते. बसले नाहीत. "मॅडम," म्हणाले, "खायाला काय काय द्यायचं, नीट सांगा."

पुढच्या भेटीला अक्कांच्या गालावर थोडी टवटवी आली होती आणि आप्पांचं पोट आत गेलं होतं. अक्काच म्हणाल्या, "ह्येनी नेम धरलाय. एकदाच जेवत्यात. म्हणत्यात, तू बरी हुईपतूर."

मी भडकले. आप्पांना साखरेचा आजार, गोळ्या चालू. चांगलं झापलं त्यांना. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मला दुसरं काय येतंय?"

शेवटी तडजोड झाली. दोन वेळा जेवायचं, गोड सोडायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, नेम म्हणून पंगतीत बसायचं नाही. मी शिकलेली सवरलेली सर्जन, एका माणसाच्या नेमाची कलमं ठरवत बसले होते.

रक्त वाढलं तसा ऑपरेशनचा दिवस धरला. शिवणीची खात्री वाटली नाही तर पोटावर पिशवी लावावी लागेल, हे मी आधीच सांगितलं. अक्का म्हणाल्या, "एक पिशवी डॉक्टर लोकांनी काढली, आता दुसरी लावतासा व्हय?" बोलल्या विनोदाने, पण सहीचा कागद बाजूला सारला. पोटावर पिशवी म्हणजे पुन्हा लपवणं, पुन्हा एकटीनं जेवणं. मी सांगितलं, टेबलावर बघून ठरवते, जरूर नसेल तर लावणार नाही. त्यांनी सही केली.

ऑपरेशनच्या खोलीत जाताना अंगावरचा सगळा धातू काढावा लागतो, कारण आमची अवजारं विजेवर चालतात. आमच्या विमल सिस्टर या कामात मुरलेल्या. बांगड्या, मंगळसूत्र उतरवलं, चांदीची डबी काढून आप्पांच्या हातात दिली, आणि लिंग मऊ कापडात गुंडाळून अक्कांच्या डाव्या तळहातावर पट्टीने बांधलं. आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही. भूल चढली तेव्हा मूठ घट्ट मिटलेली होती.

आत चिकटाचिकटी फार होती. जुन्या ऑपरेशनने सगळं एकमेकांत विणून टाकलेलं. अर्धी सकाळ नुसतं सोडवण्यात गेली. दोन्ही भोकं शिवली. मग ओमेंटम खाली ओढायला गेले, तर तो पदर विरलेला. इतकी वर्षं उपाशी राहिलेल्या बाईच्या पोटात चरबी कुठून असणार? दीड महिन्याच्या भाकरीने जेवढी धरली होती तेवढीच. हळूहळू सोडवत आणला. पोचला. जेमतेम, पण पोचला, आणि दोन शिवणींच्या मध्ये टाक्यांनी बसवला.

मग पाणी भरलं. सहकाऱ्याला म्हटलं, हवा सोड. पडद्यावर पाण्याची शांत पातळी. एकही बुडबुडा नाही. म्हटलं, पुन्हा सोड. नाही. भूलतज्ज्ञाने विचारलं, "पिशवी?" पिशवी लावणं माझ्यासाठी सुरक्षित होतं. शिवण उसवली तरी मला कुणी नावं ठेवली नसती. पण शिवण चांगली होती, पदर मध्ये होता, पाणी शांत होतं. "नाही लावत," मी म्हटलं आणि पुढचा आठवडा त्या वाक्याच्या भीतीत काढला.

अक्का शुद्धीवर आल्या त्या उजव्या हाताने पोट चाचपतच. सगळीकडे फिरवून बघितलं. पिशवी नाही अशी खात्री झाल्यावर डावी मूठ सोडली.

घरी गेल्यावर थोड्याच दिवसांत फोन. "मॅडम, पुढनं आलं वाटतंय." बोलावून तपासलं, रंगाचं पाणी सोडून बघितलं. काही नव्हतं. पुन्हा फोन, पुन्हा तपासणी, पुन्हा काही नाही. तीन महिन्यांनी सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. मी अभिनंदन केलं. अक्का "व्हय" म्हणाल्या, खुर्चीतून उठल्या आणि मान वळवून खुर्चीकडे बघितलं.

मला वाईट वाटलं. माझं काम संपलं होतं आणि ती बाई अजून तिथेच होती. आप्पांना म्हटलं, बऱ्या झाल्या, आता सोडा तुमचा नेम. ते म्हणाले, "कुठली बरी झालीया? अजून पंगतीत बसत न्हाई. कट्ट्यावर बसली तर उठून कट्टा बघती. मी सोडत न्हाई." एवढी वर्षं ज्याला काही दिसलं नव्हतं, त्याला आता माझ्याइतकं दिसत होतं.

निकाल अव्वांनीच लावला. "धरताना गाव बघत हुतं, सोडताना बी गावाला बघू दे," म्हणाल्या आणि जेवणावळ घातली. गावाला कारण सांगितलं, नेम फळाला आला. त्यात खोटं काही नव्हतं. मला बोलावणं आलं, तेही अव्वांच्या मोठ्या आवाजात फोनवर, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

घरामागच्या अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. बायकांची पंगत, समोर पुरुषांची. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, वाढायचं निमित्त हातात धरून. अव्वा खाटेवरून ओरडल्या, "भांडं ठेव खाली. मधी बस. डॉक्टर, तू हिच्या शेजारी." अक्का आल्या. बसताना माझ्या दंडाला धरलं. एक म्हातारी बाई सवयीने त्यांच्या पायाला हात लावायला वाकली. अक्कांनी पाय आत घेतले. "आता नगं मावशी. बसा, जेवा," म्हणाल्या.

हुग्गी होती, म्हणजे गव्हाची खीर, गूळ सढळ हाताने घातलेली, वर तुपाची धार. समोर आप्पा ताटावर बसले होते, पण हात लावत नव्हते. अक्कांकडे बघत होते. अक्कांनी पहिला घास घेतला. मग दुसरा. आप्पांनी डोळे पुसले आणि हुग्गीवर तुटून पडले. साखरेच्या आजाराबद्दल मी त्या दिवशी काही बोलले नाही.

अक्का सावकाश जेवल्या. शेजारणीशी बोलल्या, दुसऱ्यांदा भात मागून घेतला. वाढणाऱ्या मुलीला मीठ कमी पडल्याचं सांगितलं. एकदाही उठल्या नाहीत. मग पंगत उठायला लागली. इतक्या वर्षांची खोड, माझे डोळे त्यांच्यावरच होते. त्यांनी गुडघ्यावर हात टेकला, उठल्या, पदर खोचला, आणि "पुरुषांच्या बाजूला ताक न्हाई पोचलं व्हय गं?" असं कुणाला तरी विचारत हात धुवायला निघून गेल्या. सरळ गेल्या.

मागे वळून बघितलं ते मी. सतरंजीवर डाग होता एक. हुग्गीचा, आणि तो माझ्या बाजूला.